टिंगली लेनवरची शाळा

काका न्यू जर्सीत एडिसनला राहायला आले तेव्हा ओक ट्री रोडवर वडापाव नव्हता आणि टिंगली लेनवरच्या कॅथलिक हायस्कूलचं नाव 'सेंट थॉमस अक्वायनस' होतं. शाळा १९६९ची. ऐंशीच्या दशकात तिला ट्रेंटनचे माजी बिशप जॉर्ज आर यांचं नाव मिळालं आणि २०१९मध्ये पुन्हा मूळचं आलं. जुनी मंडळी अजून 'बिशप आर'च म्हणतात, मुंबईकर 'व्हीटी' म्हणतात तसं.

काका पुण्याच्या सेंट व्हिन्सेंटचे. तिथे फादर, शिस्त आणि नुसती मुलं. त्यामुळे माझ्या चुलतबहिणीच्या प्रवेशाला गेल्यावर एकाच वर्गात मुलगे-मुली बघून त्यांना वाटलं, ही अमेरिकेची मोकळीक! शेजारच्या आयरिश आजींनी त्यांचा भ्रम फोडला. त्या स्वतः नन्सच्या हाताखाली शिकलेल्या. मुलामुलींना एकत्र शिकवणं चूक, असं पोप अकरावे पायस यांनी १९२९मध्ये लेखी बजावलं होतं. पुढे कुठेकुठे पळवाट निघाली: इमारत एकच, पण एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला मुली, लायब्ररी आणि कँटीन तेवढं सामाईक. "पोपचं ऐकलं, पण बॉयलर एकच घेतला," असं आजी म्हणायच्या.

या विनोदात बराच इतिहास आहे. १८८४मध्ये बाल्टिमोरला जमलेल्या बिशपांनी चर्चगणिक शाळा काढायचं फर्मान सोडलं आणि तो सगळा डोलारा नन्सच्या जवळजवळ फुकटच्या कष्टांवर उभा राहिला. १९६५च्या सुमारास देशभरच्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांवर मुलं होती. मग नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी चढली. मुलांची एक आणि मुलींची एक, अशा दोन शाळा पोसणं अनेक ठिकाणी परवडेना, म्हणून त्या एकत्र झाल्या. विचार बदलले हे खरंच, पण मला वाटतं, आधी हिशेबाच्या वह्यांमधले आकडे बदलले.

काकूंना धास्ती वेगळीच होती. धर्माचा तास हिंदू मुलींनाही चुकत नव्हता. बहीण त्यात वर्गात पहिली आली तेव्हा घरात दोन दिवस शांतता. पण घरी ती जेवायच्या आधी आपणहून हात जोडून थांबायला लागली. हे दादरच्या आजीला दहा वर्षं ओरडूनही जमलं नव्हतं. काकू तिथेच विरघळल्या.

काकांचं दुखणं मात्र पैशाचं. आईवडिलांना अशी शाळा निवडायचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२५मध्येच मान्य केलं. फी मात्र पालकांनीच भरायची. गावातलं जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल फुकट आणि नावाजलेलं. "टॅक्स भरायचा तिकडे, चेक फाडायचा इकडे!" हे वाक्य आम्ही प्रत्येक दिवाळीला ऐकलं.

आता नात त्याच शाळेत आहे. अंगात 'ट्रोजन्स'ची जर्सी. कॅथलिक शाळेला ग्रीक पुराणातलं नाव कसं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जावई स्टीव्हन्सचा, त्यामुळे वाद रंगतो. काका कुणाचीच बाजू घेत नाहीत. चेक आता जावई फाडतो.