हिवाळ्याऐवजी कात्री

राजगुरुनगरहून नाशिक रस्त्याने निघालो, की मंचरच्या पुढे नारायणगावजवळ द्राक्षबागा दिसू लागतात. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी इथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन बनवायला सुरुवात केली. उष्ण कटिबंधात हे जमले कसे? उत्तर शोधायला आपण आधी ऑस्ट्रेलियात जाऊ.

द्राक्ष मूळचे ना तिथले, ना इथले. मेलबर्नजवळच्या यारा खोऱ्यात रायरी बंधूंनी 1838 मध्ये वेली लावल्या. पुढे बागा वाढल्या, 1920 च्या दशकात तिथला वाइनधंदा संपला आणि 1960 च्या दशकात पुन्हा उभा राहिला. आज हे थंड खोरे शार्दोने आणि पिनो न्वार या जातींसाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात वेलीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीच्या घडांची तयारी होते, हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपते आणि वसंतात डोळे फुटतात.

आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही. मग शेतकरी वर्षात दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्यांत घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. म्हणजे हिवाळ्याचे काम कात्री आणि रसायन मिळून करतात.

गंमत अशी, की दोन्हीकडे काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्येच येते. पण तिथे तेव्हा शरद ऋतू लागत असतो. द्राक्ष पिकताना हवा गार होत जाते. इथे ती तापत जाते. याने काय बिघडते? द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. उष्णतेत मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल झपाट्याने वापरतो. साखर वाढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव होते.

मग छाटणी लवकर का करू नये? कारण कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि केवडा रोग पडतो. उशीर केला तर पिकणारा माल उन्हात सापडतो. आमच्या मते, महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा इतिहास म्हणजे या दोन संकटांमधली योग्य तारीख शोधण्याचा इतिहास आहे.

पुढे, 2000 साली, नाशिकची सुला वाइन बाजारात आली. 2010 च्या सुमारास नारायणगावची कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. जुन्नर तालुक्यातील बागायतदारांनी मात्र खाण्याच्या काळ्या 'जंबो' द्राक्षांवर नाव कमावले आहे.

फेब्रुवारीत वर्गात द्राक्षाचा घड न्या आणि मुलांना विचारा : हे फळ कोणत्या ऋतूचे? ऋतूचे, की कात्रीचे?