पतीच्या मुभेपासून मुलाच्या पासपोर्टापर्यंत

आई भारतीय, बाप परदेशी आणि जन्म परभूमीवरचा, अशा मुलाला आईच्या नात्याने भारतीय पासपोर्ट मिळण्याची वाट १९९२ च्या डिसेंबरापर्यंत बंद होती. कारण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे चौथे कलम वंशाने येणारे नागरिकत्व केवळ बापाकडून देत असे. ते कलम १९४८ च्या ब्रिटिश कायद्याच्या वळणावर उतरले, हे उघडच आहे. परंतु या कुळाचा मूळपुरुष शोधू जाता आपण थेट तिसऱ्या एडवर्डच्या दरबारी पोहोचतो.

त्याच्या १३५१ च्या कायद्याने राज्याबाहेर जन्मलेल्या मुलांना इंग्लंडातील वारसाहक्क दिला तो आईबाप दोघेही राजनिष्ठ असतील तर, आणि त्यातही आई समुद्रापार गेली ती पतीच्या मुभेने व इच्छेने गेली असेल तर! म्हणजे मुलाचा हक्क ठरविण्यापूर्वी आईच्या प्रवासाची परवानगी तपासावयाची. तथापि या कायद्याने आईला गणनेत धरले होते. तिला गणनेतून काढले ते न्यायासनाने. पोलंडात व्यापार करणाऱ्या एका इंग्रजाने तेथील स्त्रीशी विवाह केला होता. त्यांच्या अपत्याच्या वारशाचा प्रश्न १६४१ च्या सुमारास बेकन विरुद्ध बेकन या दाव्यात उपस्थित झाला, तेव्हा पत्नी पतीच्या सत्तेखाली असल्यामुळे तिचे परकेपण आड येत नाही, असा निवाडा झाला. मिश्र दांपत्याच्या त्या अपत्याचे कल्याण झाले खरे, पण आईचे राष्ट्र निरर्थक ठरले. माझ्या मते मुभेच्या अटीतच या निवाड्याचे बीज होते : जिचे प्रयाण पतीच्या आज्ञेत, तिची निष्ठाही त्याच्याच स्वाधीन. पुढे १७३० च्या कायद्यात केवळ बाप उरला.

या पितृप्राधान्याचा उगम नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेत मानणारे आहेत. युरोप खंडापुरते ते ग्राह्य धरू. परंतु चौऱ्याहत्तर वर्षे आधीच्या इंग्रजी कायद्याला ती संहिता जन्म कसा देणार? आमच्या कलमाची वंशावळ इंग्रजीच आहे. खुद्द ब्रिटनने १९८३ च्या आरंभी आईला समान स्थान दिले. आम्ही त्यानंतरही जवळजवळ दहा वर्षे ती अट जपली, हे मला अक्षम्य वाटते.

आज दोघांपैकी एक भारतीय असल्यास पुरते. मात्र परदेशात जन्मलेल्या अपत्याची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते आणि त्याच्यापाशी अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. म्हणून अशा मातापित्यांना विनंती की, दुसऱ्या देशाच्या पासपोर्टासाठी अर्ज करण्यापूर्वी या नियमाचा विचार करावा. तो पासपोर्ट एकदा हाती आला की बहुधा ओसीआय नोंदणीचाच मार्ग उरतो, आणि ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे.