तापल्या तारेचे प्रकरण

सौरविजेच्या इतिहासात मला पुण्याचे नाव भेटले ते कंपनीच्या पाटीवर नव्हे, एका शोधनिबंधावर. 1993 साली ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या अमेरिकी नियतकालिकात दुसाने, भिडे, क्षीरसागर या नावांनी तो आला. विषय होता तापलेल्या तारेच्या साहाय्याने, कमी तापमानाला, सूक्ष्मस्फटिकी सिलिकॉनचा पातळ थर बसवण्याचा. विष्णु गणेश भिडे म्हणजे पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू. क्षीरसागर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले. गणेशखिंड ते पाषाण, सकाळच्या फेरफटक्याचे अंतर.

थराचे एवढे अप्रूप का? नेहमीच्या सौरघटासाठी सिलिकॉनच्या ठोकळ्याच्या चकत्या कापतात. त्या काळी चकती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड असे आणि कापताना बरेचसे सिलिकॉन भुशासारखे वाया जाई. 1976 साली अमेरिकेतल्या आरसीए प्रयोगशाळेत कार्लसन आणि व्रॉन्स्की यांनी केसाहून कितीतरी बारीक अशा अस्फटिकी सिलिकॉनच्या थरातून वीज काढली. ठोकळा नाही, करवत नाही! पण दुसऱ्याच वर्षी तिथेच उघड झाले की हा थर उन्हात ठेवला की मंदावतो. उन्हाने थकणारा सौरघट कॅल्क्युलेटरला चालला. छपराला चालणे कठीण.

पुण्यातले काम या दुखण्याच्या जवळ जाणारे होते. निर्वात पात्रात टंगस्टनची तार दिव्यातल्या तारेसारखी लखलखेपर्यंत तापवायची. सिलेन वायू तिच्यावर आदळून फुटतो आणि समोरच्या काचेवर सिलिकॉन साचते. थरात बारीक स्फटिक असले तर तो उन्हात अधिक टिकाव धरतो. तापमान कमी ठेवता आले तर साधी, स्वस्त काच पुरते.

मग यातून कारखाना का निघाला नाही? ‘आपल्याकडचे संशोधन कपाटातच राहते’ हे उत्तर चहाच्या टपरीवरही मिळते. मला ते आळशी वाटते. ही तार सिलेननेच ठिसूळ होते, लांब घेतली तर तिला झोळ पडतो. बोटभर काचेवर सारखा बसलेला थर दारापेक्षा मोठ्या काचेवर तसाच बसेल याची हमी नसते. शिवाय बाजार! 2008च्या सुमारास शुद्ध सिलिकॉनचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा पातळ थराच्या कंपन्या जगभर उगवल्या. भाव कोसळताच सिलिकॉन वाचवण्यातली मिळकतच संपली. अशा थरांची अख्खी यंत्रमाळ विकणाऱ्या अप्लाइड मटेरियल्ससारख्या बलाढ्य कंपनीने 2010मध्ये तो धंदा गुंडाळला. तिथे विद्यापीठाला काय बोल लावायचा?

बोल लावायचाच तर धोरणाला लावावा. 2010च्या राष्ट्रीय सौर अभियानात देशी मालाची अट स्फटिकी सिलिकॉनला होती, पातळ थराला सूट. परिणामी अमेरिकेच्या फर्स्ट सोलरची कॅडमियम टेल्युराइडची पॅनेले राजस्थानच्या वाळवंटात पसरली. त्याच कंपनीचा भारतातला कारखाना 2024 साली तमिळनाडूत, चेन्नईजवळ सुरू झाला.

सिलिकॉनचा पातळ थर मात्र संपलेला नाही. ‘हेटरोजंक्शन’ पॅनेलात तो स्फटिकी चकतीच्याच दोन्ही अंगांना, काही नॅनोमीटर जाडीचा, चढवतात; आणि त्यातला बाहेरचा पदर सूक्ष्मस्फटिकी करण्याची खटपट अलीकडे चालली आहे.