दशावतारी गंजिफा : अडणाऱ्या पानांचे नियम

'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा अद्भुतरम्य खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत निघाला. त्यातील नव्या, चमत्कारिक पानांविषयी शंका निघाल्या, की खेळ काढणारी कंपनीच खुलासे प्रसिद्ध करते. सावंतवाडीच्या गंजिफाला असा वाली नाही. लाखेच्या कामाची ही गोल, हाती रंगवलेली पाने १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांच्या प्रयत्नांमुळे पुन्हा तयार होऊ लागली; मात्र विकत घेतलेला संच बहुधा शोकेसमध्येच राहतो. खेळायला बसणारे पहिल्याच डावात अडतात ते पुढील पानांपाशी.

संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पानांवर आकडा लिहिलेला नसतो. मासा, कासव, परशू अशी अवताराची चिन्हे मोजावी लागतात. तिघे खेळतात, प्रत्येकाला ४० पाने.

सर्वाधिक गोंधळ एक्का आणि दश्शीचा. राजा व प्रधान सर्वच रंगांत वरचढ. त्यांच्याखालचा क्रम मात्र सर्वत्र सारखा नाही. पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी, नव्वी असे उतरत एक्का तळाला जातो. उरलेल्या पाचांत नेमके उलट : प्रधानानंतर एक्का, मग दुर्री, आणि दश्शी सर्वांत हलकी. हे छपाईतील चूक वाटावी असे आहे, पण मोगल गंजिफातही आठपैकी चार रंग उलटेच चालतात. युरोपातील ओंबर व टॅरॉक या जुन्या खेळांतही काही रंगांत लहान आकडा मोठ्याला मारतो. दहाही रंग सुलटे करून खेळणे सोपे खरे, पण मग खेळातील निम्मी गंमत गेली.

दुसरी अडचण शब्दाची. नेहमीच्या पत्त्यांत हुकूम म्हणजे इतर रंगांना कापणारा रंग. गंजिफात कापाकापी नाही. येथे हुकूम म्हणजे एखाद्या रंगात अजून न पडलेल्या पानांपैकी सर्वांत वरचे पान. राजा व प्रधान पडून गेले, की सुलट्या रंगात दश्शी हुकूम होते, उलट्यात एक्का. कोणते पान केव्हा हुकूम झाले, हे दहाही रंगांबाबत ध्यानात ठेवावे लागते. म्हणून हा खेळ नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा. हुकूम उतरल्यावर इतरांवर त्याच रंगाचे पान टाकण्याची सक्ती नसते; ते नकोसे पान टाकून मोकळे होतात.

उतारी कोणाची, हे घड्याळावर ठरते. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, तो सुरुवात करतो. सूर्यास्तानंतर हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मोगल गंजिफातही दिवसा सुर्ख आणि रात्री सफेद या रंगांना असाच मान आहे. या पहिल्या उतारीला राजासोबत एक हलके पानही टाकता येते व इतरांना प्रत्येकी दोन पाने द्यावी लागतात. राजाच्या आडोशाने ते हलके पानही सुखरूप सुटते, त्यामुळे कोणते पान जोडीला द्यायचे, हा विचार पहिल्याच क्षणी करावा लागतो. तिन्हीसांजेला डाव मांडायचा असेल, तर पाने वाटण्यापूर्वीच दिवस की रात्र हे ठरवून घ्यावे.

ओडिशाच्या गंजपा संचात नववा अवतार म्हणून बुद्धाऐवजी जगन्नाथ दिसतो. चित्र निराळे असले तरी रंग नववाच समजावा.