आजीच्या डबीतलं ९७

परभणीला आजीच्या सुपारीच्या डबीत एक पितळी बटण आहे. वर मुकुट, खाली इंग्रजी आकड्यांत ९७. आमचा एक पूर्वज हिंगोलीच्या छावणीत शिपाई होता आणि हे बटण ‘सत्तावन्नच्या बंडातलं’, असं घरात सगळे सांगतात. दिवाळीत मी ते भिंगाखाली धरलं आणि घोटाळा झाला.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पैसा निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज. तिच्याच खर्चापायी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. तिच्या पायदळ पलटणींचे क्रमांक होते एक ते सहा. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली, हिंगोलीची छावणी उठली आणि पलटणींना ९४ ते ९९ हे आकडे मिळाले. चौथी झाली ९७ वी डेक्कन इन्फन्ट्री. १९२२ च्या फेररचनेत हेही आकडे गेले. म्हणजे आपल्याकडच्या ९७ चं आयुष्य जेमतेम एकोणीस वर्षांचं.

पण गोऱ्यांचीही एक ९७ वी फूट रेजिमेंट होती, १८८१ पर्यंत. ती १८५८ मध्ये लखनौला खरंच लढली होती! घरच्यांची बाजू क्षणभर वर आली.

निकाल मुकुटाने लावला. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट माथ्यावर मधोमध किंचित दबलेला असतो. १९०१ मध्ये राजा आला आणि मुकुट घुमटासारखा गोल झाला. आमचा गोल आहे. (१९५२ मध्ये पुन्हा राणी आली आणि तो पुन्हा दबला, त्यामुळे नुसत्या मुकुटावर विसंबलं तर फसगत ठरलेली.)

तेव्हा हे बटण सत्तावन्नचं नाही. हिंगोलीच्या छावणीतलंही नसणार, कारण आकडा मिळाला तेव्हाच छावणी उठली होती. ते बाहेरून घरात आलं. ९७ वी पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होती. तिथून परतलेल्या कुणाच्या अंगावर आलं, की बाजारात विकायला आलेल्या जुन्या कोटावर? साचा कधीचा ते बटणावरून कळतं, कोट कुणाचा ते नाही.

आजीला हे सांगताना जीभ अडखळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मेसोपोटेमिया म्हणजे कुठं रे?”

“इराक. बसरा वगैरे.”

“बसरा?” ती थांबली. तिच्या सासूबाई बसऱ्याला गेलेल्या एका चुलत सासऱ्यांबद्दल बोलायच्या म्हणे. त्यांचं नाव आता घरात कुणालाच आठवत नाही.