आगाऊ प्रवेशाची अमेरिकन वहिवाट

अमेरिकन महाविद्यालयांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगाऊ प्रवेशाची जी वहिवाट पाडली, तिच्या एका प्रकारात होकार येताच इतरत्रचे अर्ज मागे घेण्याचा करार असे, तर दुसऱ्यात १ मेपर्यंत विचारास मुभा असून आणखी अर्ज करण्यासही मज्जाव नसे. पहिल्यात शिष्यवृत्त्यांची तुलना दुष्कर, शिवाय आगाऊ प्रवेशाची पद्धतच सधनांच्या पथ्यावर पडते, हा आक्षेप इतका प्रबळ ठरला की २००६ साली हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी ती बंद करण्याचे जाहीर केले, आणि २०११ मध्ये (स्पर्धेपुढे तत्त्वाचे किती चालणार!) बंधनरहित स्वरूपात पुन्हा सुरू केली. तेव्हा होकार बंधनकारक नसेल आणि घरची ऐपत बेताची असेल, तर आणखी दोनचार ठिकाणी अर्ज गुदरणेच श्रेयस्कर.