शिस्त आणि माशी

आमच्या शाळेची नववीची सहल दरवर्षी बिदरच्या किल्ल्यात जाते. रंगीन महाल आणि सोळाखांबी मशीद पाहून झाली की मुले बुरुजांकडे धावतात. लोखंडी पट्ट्या जोडून, त्यांवर कडी चढवून घडवलेल्या त्या अजस्र तोफांवरून हात फिरवल्याशिवाय कुणाची सहल पुरी होत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीने तेथेच मला विचारले, "सर, एवढ्या मोठ्या धुडाचा नेम कसा धरत असतील?" मी इतिहासाचा एम. ए. बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला कशी आली, महमूद गावानचा मदरसा १४७२ साली कसा पुरा झाला, हे सारे मला तोंडपाठ. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे; आणि दुसऱ्या एका मुलाची त्याहून उशिरा मागितलेली माफी.

तोफेची नळी एकदा बाजूने नीट पाहावी. जेथे दारू पेटते तो मागचा भाग जाड, आणि पुढे नळी निमुळती होत जाते. आतले भोक मात्र सरळ. त्यामुळे गोलंदाजाने नळीच्या पाठीवरून नजर टाकून निशाण जुळवले, तर आतले भोक त्या नजरेच्या रेषेपेक्षा वर रोखलेले राहते आणि जवळच्या शत्रूच्या डोक्यावरून गोळा निघून जातो. युरोपातल्या गोलंदाजांनी यावर साधी युक्ती काढली. जाडीत जेवढा फरक, तेवढ्या उंचीचा तुकडा तोंडाशी उभा करायचा, म्हणजे नजरेची रेष आणि भोकाची रेष समांतर होतात. बाकीचे काम पाचरीचे आणि अनुभवाचे. अर्थात किल्ले नेहमी नेमानेच पडतात असे नाही. १६५७ साली औरंगजेबाने बिदरला वेढा घातला, तेव्हा बुरुजावरच्या दारूसाठ्यात ठिणगी पडून भडका उडाला, किल्लेदार सिद्दी मर्जान त्यात होरपळला आणि किल्ला मोगलांच्या हाती गेला.

हातातली बंदूक आली तेव्हा हे कोडे लहान झाले, पण सुटले नाही. तोड्याच्या बंदुकीच्या तोंडाशी एक बारीकसा उंचवटा असे. त्याला उर्दूत 'मक्खी' आणि आपल्याकडे 'माशी' म्हणतात. नळीवर खरोखरच माशी बसल्यासारखी दिसते म्हणून हे नाव पडले असावे. डोळ्याजवळच्या मागल्या साधनाला 'दीदबान' म्हणत. डोळा, मागली खाच, पुढली माशी आणि निशाण ही चार एका रेषेत आणणे, याला उर्दूत शब्द आहे 'शिस्त'.

वाचकहो, येथे जरा थांबावे. 'शिस्त' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. आमचे शेजारी कन्नडमध्ये 'शिस्तु' म्हणतात आणि त्यांचाही अर्थ आपलाच, वळण आणि नियम. उर्दूत मात्र त्याचा अर्थ आजही नेम असा आहे. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच होते. एन. सी. सी.च्या मैदानावर उस्ताद 'शिस्त लेना' हा धडा शिकवतात, तो वळणाचा नसून नेमाचा असतो. तीन भाषांच्या या मुलखात एकच शब्द तिन्ही घरी नांदतो, हे मला फार उशिरा कळले.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य सोलापूरकडून उमरगा, राजेश्वर, जहीराबाद या वाटेने हैदराबाद संस्थानात उतरले, तेव्हा पायदळाच्या खांद्यावर .३०३ ली-एनफील्ड रायफल होती. तिच्या जुन्या नमुन्यात मागे खाच होती आणि अंतराप्रमाणे सरकवायची पट्टी दोन हजार यार्डांपर्यंत आखलेली असे. दुसऱ्या महायुद्धातल्या चार नंबरच्या नमुन्यात खाचेऐवजी डोळ्याजवळ एक भोक आले. भोकातून पाहिले की डोळा आपोआप मध्य शोधतो. मग माशी आणि निशाण एवढ्या दोघांचाच मेळ पाहावा लागतो. याच रायफलीला निवडक नेमबाजांसाठी दुर्बीण बसवली, तरी लोखंडी माशी काढून टाकली नाही. काच फुटते, धुके धरते. लोखंड निदान दगा देत नाही, असा त्यामागचा विचार.

पण लोखंडही दगा देते, हे मी स्वतः पाहिले आहे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेत एन. सी. सी.चे काम पाहत असे. पंचवीस यार्डांवर .२२ रायफलीचा सराव चालला होता. एका मुलाच्या पाचही गोळ्या मध्यापासून तीन इंच डावीकडे गेल्या. पुन्हा पाच दिल्या, पुन्हा डावीकडेच. मी सगळ्यांदेखत त्याला 'बेशिस्त' म्हटले आणि संघातून काढले. मुलगा घरी कन्नड बोलणारा, माझ्या मराठी रागाला त्याने उत्तर दिले नाही. रायफल पुसली, ठेवली आणि गेला.

दुपारी उस्तादांनी त्याच रायफलीतून पाच गोळ्या झाडल्या. त्याही डावीकडे, त्याच जागी. ते हसून म्हणाले, "साब, बच्चे की शिस्त ठीक थी. मक्खी खिसकी है." मुलाच्या पाचही गोळ्या आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या असत्या. गोळ्या विखुरल्या तर दोष नेमबाजाचा. एकत्र पण भलतीकडे पडल्या तर दोष साधनाचा. हा पहिला धडाच मी विसरलो होतो.

दुरुस्तीचे गणित त्रैराशिकाचे. पंचवीस यार्ड म्हणजे नऊशे इंच. दोन साधनांमधले अंतर समजा तीस इंच. तेथे तीन इंचांची चूक, तर येथे इंचाचा दहावा भाग. नियम असा की गोळी ज्या बाजूला चुकते, त्याच बाजूला माशी सरकवायची. मागले साधन सरकवायचे तर उलट बाजूला. गोळी उंच जात असेल तर माशी उंच करायची. उस्तादांनी माशी डावीकडे हलकेच ठोकली, दोनदा तपासली आणि काम झाले.

आता रायफलींवर बॅटरीची साधने आली आहेत. त्यांच्या जोडीला घडी होणारी किंवा कायम उभी राहणारी लोखंडी माशी बसवतात. घडीची आडवी येत नाही, पण वेळेवर उघडावी लागते. उभीची उघडायची खटपट नाही, पण ती सदा नजरेत राहते. कोणतीही निवडा, ती स्वतंत्रपणे जुळवून, गोळ्या झाडून तपासून ठेवली नसेल तर अडचणीच्या वेळी तिचा उपयोग नाही. सुस्थितीत असतानाच जुळवायची ती वस्तू आहे.

तो मुलगा पुढच्या वर्षी एन. सी. सी.त आला नाही. मी त्याला बोलावून सांगितले नाही की चूक रायफलीची होती आणि तिच्याहून अधिक माझी. हेडमास्तर झाल्यावर तक्रारी येतात : अमक्याचे लक्ष नाही, तमकी बेशिस्त आहे. मी शिक्षकांना विचारतो, चुका विखुरलेल्या आहेत की एकाच जागी? एकाच जागी असतील तर मुलाकडे बघण्याआधी आपली माशी बघू.